संकटांनी घडवलेली महापालिका

नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांवर पडणाऱ्या पावसाच्या दोन वाटा होतात. काही पाणी पूर्वेला वळते, त्याची गोदावरी होते आणि सगळे दख्खन ओलांडून ते बंगालच्या उपसागराला मिळते. काही पाणी पश्चिमेला उतरते, त्याची वैतरणा होते. वैतरणेचे पाणी मात्र सगळेच्या सगळे अरबी समुद्रापर्यंत पोहोचत नाही. वाटेत एकामागून एक तीन धरणे ते अडवतात. तिथून डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून आणि माणूस ताठ उभा राहील एवढ्या रुंद नळांतून त्याचा नवा प्रवास सुरू होतो. सुमारे शंभर किलोमीटर दूरच्या घाटकोपरच्या एखाद्या चाळीत पहाटे नळाची तोटी फिरवली की जे पाणी हंड्यात पडते, ते या वाटेने आलेले असते.

हे पाणी आणण्याची जबाबदारी बृहन्मुंबई महानगरपालिकेची. त्याच महापालिकेकडे जन्माची नोंद आहे आणि मृत्यूचीही. रस्ता तिचा, गटार तिचे, शाळा तिची, दवाखाना तिचा, मंडई, बाग, स्मशानभूमी, आगीचा बंब आणि राणीच्या बागेतले पेंग्विनही तिचेच. एवढी कामे एकाच संस्थेच्या गळ्यात कशी पडली? इतिहास चाळला की एक विलक्षण गोष्ट दिसते. कोणी शांतपणे बसून ही यादी आखलेली नाही. आजीच्या बटव्यातल्या प्रत्येक मुळीमागे घरातले एखादे जुने दुखणे असते, तसे महापालिकेच्या जवळजवळ प्रत्येक खात्यामागे मुंबईचे एखादे संकट आहे.

आधी तहान

मुंबई मुळात सात बेटांची. १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे आली तेव्हा आणि त्यानंतरही जवळजवळ दोनशे वर्षे लोक विहिरी आणि तलावांवर तहान भागवत होते. कारभार होता तो जस्टिस ऑफ द पीस म्हणून नेमलेल्या प्रतिष्ठित लोकांच्या हाती. साफसफाई, रस्ते, थोडीफार करवसुली एवढाच त्याचा पसारा होता. वस्ती वाढली, विहिरी आटू लागल्या आणि १८५४ मध्ये पाण्याचा असा दुष्काळ पडला की शहरात पाणी बोटींतून आणि आगगाडीतून आणावे लागले. मुंबई-ठाणे रेल्वे सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

या तहानेतून विहार तलाव जन्मला. हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० मध्ये विहारचे पाणी नळांतून मुंबईत आले. भारतातल्या शहराला नळाने पाणी पुरवण्याच्या अगदी पहिल्या योजनांपैकी ही एक. पण पाणी आले आणि त्याबरोबर दुसरा प्रश्न आला. घराघरांत वापरलेले हे पाणी जाणार कुठे? आत आणण्याची सोय झाली होती, बाहेर नेण्याची नव्हती. सांडपाण्याच्या गटारांची मोठी कामे यातूनच पुढे आली. शहराच्या कारभारात एक सोय झाली की तिच्या पोटातून पुढचे कर्तव्य निघते, हा धडा मुंबईने तेव्हाच घेतला.

त्यानंतर शहर पाण्यामागे उत्तरेकडे सरकत गेले. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, १९७० च्या दशकात अप्पर वैतरणा, मग भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. यातल्या मोडकसागराचे नाव न. वि. मोडक या पालिकेच्या अभियंत्यावरून पडले आहे. विहार आणि तुळशी हे दोन तलाव आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत, म्हणजे शहराच्या हद्दीतच. बाकीचे पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत.

या सात तलावांची मिळून साठवणक्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे. मुंबईला रोज जवळपास ४०० कोटी लिटर, म्हणजे ४,००० दशलक्ष लिटर पाणी दिले जाते. भागाकार करून पाहा. उत्तर येते सुमारे ३६० दिवस. म्हणजे सातही तलाव काठोकाठ भरले तर पाणी जेमतेम एक वर्ष पुरते, त्याहून जास्त नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत बारा महिन्यांची बेगमी करायची आणि पुढच्या आषाढापर्यंत ती पुरवायची, असा हा दरवर्षीचा हिशेब आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची वर्तमानपत्रे रोज तलावांची पातळी का छापतात आणि जून कोरडा गेला की लगेच दहा टक्के पाणीकपातीची चर्चा का सुरू होते, ते या एका भागाकारात आहे.

तलावातून घरापर्यंतची वाटही पाहण्यासारखी आहे. भातसाचे पाणी नदीतून पिसे येथे येते, तिथे उपसले जाते आणि पांजरापूरला शुद्ध होते. वैतरणा आणि तानसाचे बहुतेक पाणी उंचावरून उताराने भांडुपला पोहोचते. उपसायला वीज लागत नाही, जमिनीचा उतारच काम करतो. भांडुपच्या प्रचंड शुद्धीकरण केंद्रात गढूळ कण खाली बसवले जातात, पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते आणि त्यात क्लोरीन मिसळले जाते. तिथून ते टेकड्यांवरच्या जलाशयांत जाते. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये हजारो लोक फिरायला जातात. त्या हिरवळीखाली दक्षिण मुंबईला पाणी देणारा जलाशय आहे, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसते.

आणि मग येतात चावीवाले. चोवीस तास सगळीकडे पाणी देण्याइतका दाब आणि साठा शहराकडे नाही. म्हणून भागाभागांच्या पाण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. ठरल्या वेळी व्हॉल्व्हची चावी फिरवून एका वस्तीचे पाणी सुरू करायचे, दुसरीचे बंद करायचे, हे काम पालिकेचे कर्मचारी दिवसरात्र करतात. एखाद्या आळीत पाणी पहाटे साडेचारला येते आणि पलीकडच्या आळीत संध्याकाळी, ते त्यांच्या हातांमुळे.

या आश्चर्याची एक सल देणारी बाजूही सांगितलीच पाहिजे. ज्या शहापूर आणि मोखाडा तालुक्यांच्या कुशीत मुंबईचे तलाव आहेत, तिथल्या अनेक आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईच्या नळाचा अभिमान बाळगणाऱ्याने या पाड्यांचे ऋण मानायला हवे आणि ते फेडण्याचा आग्रहही धरायला हवा.

एका आयुक्ताचा खर्च आणि करदात्यांचा संताप

१८६० चे दशक मुंबईसाठी वेड लावणारे होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. पैसा वाहू लागला, कंपन्या उगवल्या, शेअर बाजार फुगला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळला. नेमक्या त्याच वर्षी नवा कायदा होऊन मुंबईला पहिला म्युनिसिपल कमिशनर मिळाला. त्याचे नाव आर्थर क्रॉफर्ड.

क्रॉफर्ड झपाटलेला माणूस होता. रस्ते, गटारे, सफाई, मंडया अशा कामांचा त्याने धडाका लावला. त्याच्या नावाची मंडई १८६९ मध्ये उभी राहिली. तिच्या दर्शनी भागावरची शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची. आज या मंडईला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे आणि त्यात एक सुंदर योग आहे, कारण फुले स्वतः १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते.

क्रॉफर्डच्या कामांनी शहर सुधारले, तिजोरी मात्र रिकामी झाली. करदाते खवळले. हा पैसा आमचा, तर तो कसा खर्च होतो हे विचारण्याचा अधिकार आमचा का नाही, असा त्यांचा सवाल होता. १८७१ मध्ये या वादात एका तरुण बॅरिस्टराने वेगळाच सूर लावला. फिरोजशहा मेहता तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. क्रॉफर्डला शिव्या देऊन भागणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. काम करणारा एक समर्थ अधिकारी हवाच, पण त्याच्यावर नजर ठेवणारी, लोकांनी निवडून दिलेली सभाही हवी, ही त्यांची मांडणी होती. गर्दी रागावलेली असताना शांत डोक्याने मांडलेला हा विचार पुढे दीडशे वर्षे टिकला.

१८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची कॉर्पोरेशन स्थापन झाली. त्यांतले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडून द्यायचे होते. उरलेल्यांतले १६ जस्टिस मंडळींनी आणि १६ सरकारने पाठवायचे. ४ सप्टेंबर १८७३ रोजी या कॉर्पोरेशनची पहिली सभा भरली. मताचा हक्क तेव्हा ठरावीक रकमेहून जास्त कर भरणाऱ्यांपुरताच होता. आजच्या नजरेला ते लोकशाहीचे फार अरुंद दार वाटेल, पण राष्ट्रीय काँग्रेसची स्थापना व्हायला त्या वेळी अजून बारा वर्षे होती. हे ध्यानात घेतले की त्या दाराचे मोल कळते.

१८८८ चा कायदा, अजून चालू

मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा आहे. त्यात शेकडो दुरुस्त्या झाल्या, पण मूळ सांगाडा तोच. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग या दोघांनी त्याच्या घडणीत मोठा वाटा उचलला. म्हणूनच महापालिकेच्या मुख्यालयासमोर मेहतांचा पुतळा उभा आहे आणि मलबार हिलच्या ज्या बागेखाली जलाशय आहे, तिलाही त्यांचेच नाव आहे.

सांगाडा साधा आहे आणि म्हणूनच चिवट आहे. सत्ता तीन ठिकाणी वाटलेली. लोकांनी निवडलेल्या नगरसेवकांचे सभागृह धोरण ठरवते आणि अर्थसंकल्प मंजूर करते. सभागृहातून निवडलेली स्थायी समिती खर्चाच्या मोठ्या प्रस्तावांवर आणि कंत्राटांवर निर्णय घेते, म्हणूनच तिचे अध्यक्षपद मिळवायला पक्षांची एवढी झुंबड उडते. प्रत्यक्ष कारभार आयुक्ताच्या हाती. त्याला राज्य सरकार नेमते. महापौर हा शहराचा पहिला नागरिक आणि सभागृहाचा अध्यक्ष, पण रोजचा प्रशासकीय अधिकार त्याच्याकडे नाही. हे अनेक मुंबईकरांनाही माहीत नसते. खड्ड्यासाठी महापौराला दोष देताना खरे उत्तरदायित्व कोणाचे, हे आधी समजून घ्यायला हवे.

मग आयुक्त मनमानी करू लागला तर? कायद्यात त्याचीही सोय आहे. एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश जणांनी त्याच्याविरुद्ध मत दिले, तर सरकारला त्याला परत बोलवावे लागते. क्रॉफर्डच्या काळातला धडा असा कलमात जाऊन बसला आहे.

कर्तव्यांचे दोन गट या कायद्यात आहेत. काही कामे करावीच लागतात: पाणी, सांडपाणी, कचरा, रस्त्यांवरचे दिवे, आगीपासून संरक्षण, लसीकरण, प्राथमिक शिक्षण, मृतांची विल्हेवाट, धोकादायक इमारतींचा बंदोबस्त. काही कामे इच्छेने करायची: बागा, ग्रंथालये, संग्रहालये. पुढे १९९२ मध्ये ७४ वी घटनादुरुस्ती झाली आणि देशातल्या शहरांच्या स्वराज्य संस्थांना संविधानात स्थान मिळाले. बाराव्या अनुसूचीत त्यांच्याकडे सोपवण्याजोगी १८ कामे लिहिली गेली. त्यांतली बरीचशी मुंबई शंभर वर्षांपासून करत होती.

या कायद्याच्याच काळात बोरीबंदरच्या स्थानकासमोर महापालिकेची इमारत उभी राहत होती. १८८४ मध्ये लॉर्ड रिपनने कोनशिला बसवली, १८९३ मध्ये काम पुरे झाले. समोरचे रेल्वे स्थानक आणि ही इमारत, दोन्ही फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची. रिपनने कोनशिला बसवावी हेही साजेसेच. हिंदुस्थानात स्थानिक स्वराज्याला बळ देणारा व्हाइसरॉय म्हणून त्याची ओळख आहे.

प्लेगने आखलेले रस्ते

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात लोक विचित्र तापाने मरू लागले. डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्यातल्या हडफड्याच्या डॉक्टरांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले. ते महापालिकेचे सदस्यही होते आणि पुढे अध्यक्ष झाले. मेट्रो सिनेमाजवळ आज त्यांचा पुतळा आहे.

लाखो लोक शहर सोडून गेले. डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण लसीने माणूस वाचला तरी अंधाऱ्या, कोंदट, खचाखच भरलेल्या वस्त्या तशाच होत्या. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या फोडून सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले. समुद्रावरचा पश्चिमेचा वारा शहराच्या पोटात शिरावा, हा त्या आखणीमागचा एक हेतू होता. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांची आखीव वाढही त्याच ट्रस्टची. १९३३ मध्ये तो महापालिकेत विलीन झाला. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या सरळ, सावलीच्या गल्ल्यांतून चालणाऱ्याला त्या गल्ल्यांचे मूळ प्लेगात आहे असे कधी वाटणारही नाही.

कचऱ्याची गोष्टही तशीच. १९०६ मध्ये कुर्ल्याहून चेंबूरकडे रेल्वेमार्ग गेला तो कचऱ्याच्या गाड्यांसाठी. प्रवासी त्यावरून जाऊ लागले ते १९२४ मध्ये. आजच्या हार्बर मार्गाच्या त्या तुकड्यावरून लाखो चाकरमानी ये-जा करतात. आणि प्लेग गेला तरी उंदरांवरचा पहारा उठलेला नाही. रात्रपाळीचे मूषकसंहारक आजही गल्लीबोळांत काठी आणि टॉर्च घेऊन फिरतात. एका रात्रीत तीस उंदीर मारायचे, असा त्यांच्या कामाचा नेम आहे. शहर झोपलेले असताना त्याच्या आरोग्याची राखण करणारी ही माणसे आपल्याला क्वचितच दिसतात.

एप्रिल २०२० मध्ये धारावीत करोनाचा पहिला रुग्ण सापडला. एवढ्या दाट वस्तीत काय होईल या विचाराने जग धास्तावले होते. जी उत्तर वॉर्डाच्या कर्मचाऱ्यांनी, स्थानिक डॉक्टरांनी आणि धारावीकरांनी घरोघर फिरून ताप तपासला, संशयितांना वेगळे ठेवले, साथ आवरली. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा दाखला जगापुढे ठेवला. साथीत दारोदार जाण्याची सवय या शहराला प्लेगपासून आहे.

आग आणि पूर

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही. आग विझवायला गेलेल्या दलाचे जवान जहाजाजवळ असतानाच स्फोट झाले. ६६ अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. देशभर दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो या जवानांच्या स्मरणार्थ. मुंबईचे अग्निशमन दल महापालिकेचे आहे. आपल्या कराच्या पैशातून पगार घेणारी माणसे आपल्यासाठी जीव देतात, याचे एवढे ठसठशीत उदाहरण दुसरे नाही.

पाण्यासाठी तहानलेल्या मुंबईला पाण्यानेच बुडवले, तो दिवस २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला पडला जेमतेम ७३ मिलिमीटर. एकाच शहराच्या दोन टोकांवर दोन वेगळे ऋतू असावेत, असा तो पाऊस. विहार आणि पवई तलाव भरून वाहिले की ते पाणी मिठी नदीला मिळते. ती नदी भराव आणि अतिक्रमणांनी आवळली गेली होती. तिने आपली जागा परत मागितली.

मुंबईची पर्जन्यवाहिन्यांची जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती आणि तीही समुद्राला ओहोटी असेल तेव्हा. भरती आली की समुद्राची पातळी नाल्यांच्या मुखांहून वर जाते आणि पाणी बाहेर पडण्याऐवजी आत येऊ पाहते. म्हणून पावसाच्या बातमीत मुंबईकर आधी विचारतो, ‘भरती किती वाजता?’ पुरानंतर माधवराव चितळे यांच्या समितीने कारणांचा अभ्यास केला. वाहिन्यांची क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची जुनी योजना जोरात हाती घेतली गेली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथे उदंचन केंद्रे उभी राहिली. भरतीच्या वेळी समुद्राकडचे दरवाजे बंद करून आतले पाणी पंपांनी समुद्रात ढकलायचे, हे त्यांचे काम. भरावावर उभारलेल्या शहराला समुद्राशी रोज दोनदा असा करार करावा लागतो.

सभागृहाचे दार रुंद होत गेले

करदात्यांपुरते असलेले मताचे दार हळूहळू उघडत गेले. १९२० च्या दशकात भाडेकरूंना मत मिळाले, १९४८ ची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली. १९२३ मध्ये सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या स्त्रिया सभागृहात आल्या. माहीम पार्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मैदानाला १९२७ मध्ये शिवाजी पार्क हे नाव मिळाले ते अवंतिकाबाईंच्या आग्रहामुळे. शिवरायांच्या जन्माचे ते त्रिशताब्दी वर्ष मानले गेले होते. १९५६ मध्ये सुलोचना मोदी पहिल्या महिला महापौर झाल्या. आज निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत.

या सभागृहाने आणि त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या दात्यांनी शहराला जे दिले, त्यात रुग्णालयांचा मान मोठा. परळचे केईएम आणि त्याला जोडलेले गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. देणगीदारांची अट होती की अध्यापक भारतीय असावेत. गोऱ्या डॉक्टरांची सद्दी असलेल्या काळात ही अट म्हणजे स्वातंत्र्याची घोषणाच होती. त्याच केईएममध्ये १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. पालिकेच्या रुग्णालयात, जिथे गरीब माणूस नाममात्र पैशांत केसपेपर काढतो, तिथे देशाच्या विज्ञानातले हे पान लिहिले गेले. पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांत मुलांना शिकवतात. कामासाठी आलेल्या माणसाच्या लेकराला त्याच्या भाषेत शाळा देणारे शहर म्हणून मुंबईचा हा मोठेपणा आहे.

शहर वाढले तशी महापालिकाही वाढली. १९५० मध्ये उपनगरे आली, १९५७ मध्ये हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. १९४७ मध्ये वीज आणि बस पुरवणारी बेस्ट तिच्या छत्राखाली आली. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर होती. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता, गोवा राज्याच्या त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून जास्त. २०१७ मध्ये जकात बंद झाल्यावर तिच्या उत्पन्नाचा मोठा झरा आटला आणि राज्याच्या भरपाईवरचे अवलंबन वाढले.

आता आपली पाळी

एवढ्या समृद्ध इतिहासात एक पोकळीही आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षे निवडणूकच झाली नाही. सभागृह रिकामे, स्थायी समिती नाही, सगळा कारभार एका प्रशासकाकडे. १८७१ मध्ये फिरोजशहांनी मागितलेला समतोल त्या काळात मोडलेला होता. अधिकारी कितीही कर्तबगार असला, तरी हजारो कोटींच्या खर्चावर प्रश्न विचारायला निवडून आलेला माणूस समोर नसणे ही शहराची हानीच होती. जानेवारी २०२६ मध्ये अखेर मतदान झाले आणि २२७ प्रभागांना पुन्हा आपले प्रतिनिधी मिळाले.

आता हे प्रतिनिधी काय करतात, हे पाहणे आपले काम. मुंबईत राहत असाल तर तुमचे वॉर्ड ऑफिस कुठे आहे, तुमचा वॉर्ड ए आहे की जी उत्तर की टी, तुमच्या नगरसेवकाचे नाव काय, एवढे तरी पाठ असू द्या. पुण्यात, नाशकात, नागपुरात, कोल्हापुरात राहत असाल तर तुमच्या महापालिकेचा कायदा १९४९ चा आहे, पण त्याची घडण मुंबईच्याच कायद्यावरून झाली आहे. तिथेही सभागृह आहे, स्थायी समिती आहे, आयुक्त आहे आणि प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. मालमत्ता कराचे बिल आले की ते भरा आणि त्याचबरोबर तुमच्या प्रभागासाठी यंदा किती तरतूद झाली, तेही विचारा. दीडशे वर्षांपूर्वी मूठभर करदात्यांनी हा प्रश्न विचारला, म्हणून महापालिका लोकांची झाली. ती लोकांची राहायची असेल, तर तो प्रश्न आपण विचारत राहिला पाहिजे.